फॅफ्सा फॉर्ममध्ये टॅक्सची माहिती "आपोआप" येते म्हणजे काय? नेहमीच्या अडचणी आणि त्यावरचे उपाय

अमेरिकेत वाढलेल्या एखाद्या मावसभावाला किंवा आतेबहिणीला विचारून बघा, कॉलेजचे अर्ज जास्त अवघड होते की फॅफ्सा? बहुतेक जण दुसऱ्याचंच नाव घेतील. निबंध एकट्याने लिहिता येतो. फॅफ्साला मात्र आई-बाबा, त्यांचं टॅक्स रिटर्न, त्यांचं लॉगिन आणि त्यांचा मोबाईल, सगळं एकाच वेळी लागतं.

मी न्यू जर्सीत राहते. जानेवारी २०२४ मध्ये मी पहिल्यांदा हा फॉर्म भरला. टॅक्सची माहिती सरकारकडून थेट येणार म्हटल्यावर आम्ही निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणामुळे माझी हजारो डॉलरची मदत जवळजवळ गेली होती. ते कसं झालं ते पुढे सांगते. आधी मूळ गोष्ट समजून घेऊया.

फॅफ्सा म्हणजे काय?

फॅफ्सा हा अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा, कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठीचा मोफत अर्ज आहे. तो स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साईटवर दरवर्षी नव्याने भरायचा असतो. त्यावरून एक आकडा निघतो, स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजेच एसएआय. हा आकडा जितका कमी, तितकी मदत जास्त. तो शून्याच्या खाली, उणे १,५०० पर्यंतही जाऊ शकतो. पेल ग्रँट नावाची सरकारी मदत, जी परत फेडावी लागत नाही, तीसुद्धा या फॉर्मवरूनच ठरते. २०२४-२५ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती.

एसएआय मुख्यतः कुटुंबाच्या उत्पन्नावरून निघतो, आणि हे उत्पन्न दोन वर्षं जुनं असतं. म्हणजे २०२४-२५ च्या फॉर्ममध्ये २०२२ चं टॅक्स रिटर्न, २०२६-२७ च्या फॉर्ममध्ये २०२४ चं. बाबांची नोकरी काल गेली असली तरी फॉर्म बघतो तो दोन वर्षांपूर्वीचा पगार.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. भारतातून एफ-१ स्टुडंट व्हिसावर शिकायला येणाऱ्यांना सरकारी मदत या फॉर्ममधून मिळत नाही. एच-४ वर असलेल्या मुलांनाही नाही. अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक गटांसाठीच ती आहे. पण आई-बाबा एच-१बी वर असले आणि मूल अमेरिकेत जन्मलेलं असलं, तर ते मूल नागरिक असतं आणि फॉर्म भरू शकतं. अशी मराठी घरं इथे खूप आहेत.

टॅक्सची माहिती आधी कशी यायची, आता कशी येते?

पूर्वी लोक रिटर्न समोर ठेवून एकेक आकडा टाईप करायचे. २०१० मध्ये आयआरएस डेटा रिट्रीव्हल टूल आलं. आयआरएस म्हणजे तिथलं आयकर खातं. फॉर्ममधलं बटण दाबायचं, आयआरएसच्या साईटवर जायचं, तिथे स्वतःची ओळख पटवायची आणि आकडे फॉर्ममध्ये आणायचे.

कल्पना चांगली होती, पण रिटर्नवरचा पत्ता जसाच्या तसा टाईप करावा लागायचा. "स्ट्रीट" पूर्ण लिहिलं होतं की "एसटी", अपार्टमेंटचा नंबर कुठे होता, एवढ्यावरून गाडी अडायची. पती-पत्नीने वेगवेगळं रिटर्न भरलं असेल तर टूल चालायचंच नाही.

मग ३ मार्च २०१७ ला, ऐन अर्जांच्या हंगामात, हे टूल बंद करावं लागलं. चोरलेल्या ओळखीने लोक त्यातून दुसऱ्यांच्या उत्पन्नाचे आकडे काढत होते आणि त्यावर खोटी रिटर्न भरून रिफंड लाटत होते. सुमारे एक लाखापर्यंत करदात्यांची माहिती धोक्यात आली असावी, असं आयआरएसच्या तेव्हाच्या आयुक्तांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितलं. १ ऑक्टोबर २०१७ ला टूल परत आलं, पण आता आकडे झाकलेले. रकमेच्या जागी फक्त "आयआरएसकडून आलेली माहिती" अशा अर्थाची ओळ. चोरांना आकडा दिसेना, पण मालकालाही दिसेना!

२०१९ च्या फ्युचर कायद्याने आयआरएसला ही माहिती शिक्षण खात्याला थेट देण्याची परवानगी मिळाली. त्यावर उभी राहिलेली डायरेक्ट डेटा एक्सचेंज ही नवी व्यवस्था २०२४-२५ च्या फॉर्मपासून लागू झाली. आता आयआरएसच्या साईटवर जावं लागत नाही. संमतीवर टिक केलं की मागच्या मागे माहिती येते. पण आलेले आकडे तुम्हाला आताही दिसत नाहीत. फॉर्म भरून झाल्यावर मिळणाऱ्या सबमिशन समरीमध्येसुद्धा नाहीत.

भारतातल्या वाचकांसाठी तुलना करते. आपल्या आयटीआरमध्येही माहिती आधीच भरून येते, पण ती दिसते. एआयएस उघडून चुकीच्या नोंदीवर हरकतही नोंदवता येते. इथे तसं नाही. इथे आपोआप म्हणजे नजरेआड. म्हणून काय येतं आणि काय येत नाही, हे माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

आमच्या घरी काय झालं?

२०२४-२५ चा नवा फॉर्म एरवीसारखा १ ऑक्टोबरला न येता ३० डिसेंबर २०२३ ला उघडला, तोही आधी थोडा थोडा वेळ. जानेवारीत एका रविवारी मी आणि बाबा जेवणाच्या टेबलावर बसलो. मी माझा भाग भरला, बाबांना आमंत्रण पाठवलं, त्यांनी त्यांचा भाग उघडला. संमती दिली. मग एक प्रश्न आला: पेन्शनच्या रकमेत रोलओव्हर आहे का, असल्यास किती?

मी म्हटलं, "बाबा, हे काय आहे?"

"अगं, सगळं आपोआप येतंय ना? मग शून्य टाक आणि पुढे जा."

मी शून्य टाकलं. पुढे गेलो. चहा घेतला.

आता रोलओव्हर म्हणजे काय ते बघा. आपल्याकडे नोकरी बदलली की जुना पीएफ नव्या कंपनीत ट्रान्सफर करतात. तसंच अमेरिकेत ४०१(के) नावाच्या निवृत्ती खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात हलवतात. बाबांनी २०२२ मध्ये नोकरी बदलली आणि ३८,००० डॉलर असे हलवले. एक पैसाही हातात आला नाही, त्यावर टॅक्सही नाही. पण फॉर्म १०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्नवर, ५ए या ओळीत ३८,००० आणि ५बी मध्ये शून्य लिहिलं जातं. फॅफ्साचं गणित ५ए मधून ५बी वजा करतं आणि उरलेल्या रकमेला करमुक्त उत्पन्न समजतं. ते उत्पन्न नव्हतं, नुसती हलवाहलव होती, हे सांगायची एकच जागा फॉर्ममध्ये आहे. तो रोलओव्हरचा प्रश्न. तिथे आम्ही शून्य टाकलं होतं.

मार्चच्या मध्यानंतर फॉर्म प्रोसेस झाला. सरकारच्याच साईटवर फेडरल स्टुडंट एड एस्टिमेटर आहे, त्यावर माझा एसएआय हजाराच्या आत दाखवत होता. प्रत्यक्षात आला अकरा हजारांच्या वर. म्हणजे पेल ग्रँट शून्य.

आई रात्री हिशोब घेऊन बसली. "एवढं कुठून आणायचं? हिला जवळच्या कम्युनिटी कॉलेजला घालू या, दोन वर्षांनी बघू." त्यात वाईट काही नाही, माझ्या कितीतरी मैत्रिणी तिथे छान शिकल्या. पण ज्या चुकीने तो निर्णय होणार होता, ती चूक एका शून्याची होती.

तेव्हा टॅक्सच्या माहितीत गडबड असलेले अर्ज आमच्याशिवायही बरेच होते. त्या वर्षी काही अर्जांमध्ये आयआरएसकडून आलेली माहितीच बरोबर नसल्याचं शिक्षण खात्याने स्वतः मान्य केलं होतं. त्यामुळे आमची चूक आहे की त्यांची, हेच कळेना. शेवटी आईने रिटर्नची प्रत काढली आणि ओळीवार बसलो. ५ए वर बोट ठेवून बाबा गप्प झाले.

दुरुस्तीची सोय एप्रिलमध्ये सुरू झाली. आम्ही रोलओव्हरची रक्कम भरली, बाबांनी पुन्हा सही केली. माझ्या कॉलेजने निर्णयाची तारीख १ मे वरून १ जूनवर नेली होती, म्हणून वाचले. मेच्या शेवटच्या आठवड्यात सुधारित पत्र आलं. पेल ग्रँट मिळाली.

नेहमी येणाऱ्या ७ अडचणी आणि उपाय

१. नाव जुळत नाही
आमंत्रण पाठवताना पालकांचं नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्या स्टुडंटएड खात्याशी जुळावं लागतं. खातं उघडताना हीच माहिती सोशल सिक्युरिटी खात्याच्या नोंदीशी ताडली जाते. आपली मराठी नावं इथे हमखास अडकतात. भारतीय पासपोर्टवर "गिव्हन नेम" या एकाच रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. त्यामुळे अमेरिकेतल्या कार्डावर कधीकधी दोन्ही मिळून पहिलं नाव होतं. आईचं लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर, हेही नेहमीचंच.
उपाय: आठवणीतून टाईप करू नका. सोशल सिक्युरिटी कार्ड समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच लिहा.

२. जन्मतारीख उलटी पडते
अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. ७ नोव्हेंबर म्हणजे ११/०७. सवयीने ०७/११ टाकलं की ती ११ जुलै होते आणि माणूसच सापडत नाही. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तर फॉर्म लगेच ओरडतो, लहान असेल तर मुकाट घेतो.

३. संमती द्यायला पालक घाबरतात
"आमची सगळी माहिती कशाला द्यायची? आकडे हाताने भरतो की!" हे अनेक घरांत ऐकू येतं. पण नियम कडक आहे. फॉर्मशी संबंधित प्रत्येकाने, म्हणजे प्रत्येक कॉन्ट्रिब्युटरने, संमती द्यावीच लागते. रिटर्न भरलेलं नसलं तरी, सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी. एकाने जरी नाही म्हटलं, तर एसएआय निघत नाही आणि सरकारी मदत मिळत नाही. हाताने आकडे भरूनही चालत नाही. संमती दर वर्षीच्या फॉर्मसाठी पुन्हा द्यायची असते.

४. कोणी कोणी भरायचं ते कळत नाही
आई-बाबांनी एकत्र रिटर्न भरलं असेल तर दोघांपैकी एकच कॉन्ट्रिब्युटर पुरतो. वेगवेगळं भरलं असेल तर दोघंही लागतात. एकत्र रिटर्न भरून नंतर घटस्फोट झाला असेल, तर आलेले आकडे तसेच वापरता येत नाहीत. एका पालकाचा हिस्सा वेगळा काढावा लागतो.

५. पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही
एच-४ वरच्या आईकडे बऱ्याचदा फक्त आयटीआयएन असतो, म्हणजे टॅक्स भरण्यापुरता नंबर. २०२४ च्या सुरुवातीला अशा पालकांची मुलं कित्येक आठवडे अडकून पडली होती. आता खातं उघडताना "माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही" हा पर्याय निवडता येतो. मात्र टॅक्सचे आकडे हाताने भरायची तयारी ठेवा. बाबांकडे नंबर असेल आणि रिटर्न एकत्र असेल, तर कॉन्ट्रिब्युटर म्हणून बाबांनाच घ्या. निम्मा त्रास वाचतो.

६. पालक भारतात आहेत, अमेरिकेत रिटर्नच नाही
तेव्हा आयआरएसकडे देण्यासारखं काही नसतं. तरीही संमती लागतेच. भारतातल्या उत्पन्नाचे आकडे हाताने भरायचे आणि फॉर्म भरतानाच्या आसपासच्या दराने रुपयांचे डॉलर करायचे. कोणता दर घेतला, कोणत्या तारखेचा, ते कागदावर टिपून ठेवा. कॉलेज नंतर विचारू शकतं.

७. हाताने भरताना चुकीची ओळ उचलली जाते
सर्वांत मोठी गल्लत म्हणजे डब्ल्यू-२ या पगाराच्या फॉर्मवरचा कापलेला टॅक्स हाच भरलेला टॅक्स समजणं. कापलेला टॅक्स म्हणजे आपल्या टीडीएससारखा. खरा टॅक्स रिटर्नवर निघतो. एकूण समायोजित उत्पन्न फॉर्म १०४० च्या ११ क्रमांकाच्या ओळीत असतं. सेंट्स लिहू नका. ५२,३४०.०० मधला बिंदू सुटला तर बावन्न हजारांचे बावन्न लाख होतात!

फॉर्मला बसण्याआधी हे जवळ ठेवा

- त्या वर्षीच्या फॉर्म १०४० ची पूर्ण प्रत, सोबतच्या परिशिष्टांसकट. आपोआप येतंय म्हणून ही सोडू नका. माझी चूक हीच होती.
- ४ए-४बी आणि ५ए-५बी या ओळींवर पेन्सिलीने खूण. "ए" मध्ये मोठी रक्कम आणि "बी" मध्ये शून्य किंवा कमी असेल तर पालकांना विचारा, हे रोलओव्हर होतं का?
- दोघांची सोशल सिक्युरिटी कार्डं.
- पालकांचा ईमेल आणि मोबाईल, दोन्ही चालू स्थितीत. ओटीपी त्यांच्याकडेच येतो. बाबा ऑफिसमध्ये आणि तुम्ही घरी, असं करू नका.
- बँक बॅलन्स आणि इतर मालमत्तेची माहिती. ती आयआरएसकडून येत नाही.

मोबाईलवर भरायचं असेल तर ब्राउझरमध्ये सरकारी साईटच उघडा. मायस्टुडंटएड नावाचं सरकारी अ‍ॅप २०२२ मध्ये बंद झालं. त्या नावाने कोणी अ‍ॅप किंवा लिंक पाठवली, किंवा फॉर्म भरून द्यायचे पैसे मागितले, तर लांब राहा. लॉगिन दुसऱ्याच्या हातात दिलं की काय होतं, ते २०१७ च्या प्रकरणात दिसलंच आहे.

चूक झालीच तर काय करायचं?

आधी एस्टिमेटरवर अंदाज काढून ठेवा. खरा एसएआय त्यापेक्षा खूप वेगळा आला तर गप्प बसू नका. आयआरएसकडून आलेला आकडा तुम्हाला बदलता येत नाही, पण तुम्ही स्वतः भरलेली उत्तरं बदलता येतात. पालकांचं उत्तर बदललं तर त्यांची सही पुन्हा लागते, हे विसरू नका. नाहीतर दुरुस्ती अर्धवट राहते.

आयआरएसच्या साईटवरून टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्ट मोफत काढता येतं. आयआरएसकडे तुमच्या रिटर्नची काय नोंद आहे, ते त्यात दिसतं. झाकलेले आकडे ताडून पाहायचा तोच त्यातल्या त्यात चांगला मार्ग. फॉर्म १०४०-एक्स भरून रिटर्न नंतर दुरुस्त केलं असेल, तर त्याची प्रत कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला द्या.

नोकरी गेली किंवा आजारपणाचा मोठा खर्च आला, तर जुन्या आकड्यांवर अडून राहू नका. एड ऑफिसला "प्रोफेशनल जजमेंट" साठी लेखी विनंती करता येते. कागदपत्रं बघून ते आकडे बदलू शकतात. सरकारी हेल्पलाईनवरच विसंबू नका. नव्या फॉर्मच्या पहिल्या पाच महिन्यांत तिथले जवळपास तीन चतुर्थांश फोन उचललेच गेले नाहीत, असं अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदवलं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आता फॉर्म सुधारला आहे का?
वेळेच्या बाबतीत हो. २०२६-२७ चा फॉर्म तर १ ऑक्टोबरची वाट न बघता सप्टेंबर २०२५ मध्येच उघडला. पण आकडे झाकलेलेच आहेत आणि रोलओव्हर तुम्हालाच सांगावा लागतो.

रिटर्न नुकतंच भरलंय, माहिती येईल का?
ई-फाईल केलेलं लवकर दिसतं. कागदावर भरलेलं दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात.

सीएसएस प्रोफाइलमध्येही माहिती आपोआप येते का?
नाही. काही कॉलेजं मागतात तो वेगळा, कॉलेज बोर्डचा फॉर्म. तिथे आकडे स्वतः भरायचे आणि मागितल्यास रिटर्न अपलोड करायचं.

शेवटची तारीख कोणती?
सरकारी मुदत शैक्षणिक वर्षाच्या शेवटी ३० जूनला असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. राज्यांच्या आणि कॉलेजांच्या तारखा फार आधी असतात. कॅलिफोर्नियाची एरवी २ मार्च असते.

जाता जाता

यंदाही आम्ही तिघं टेबलावर बसलो. बाबांनी संमती दिली, माहिती आपोआप आली. रोलओव्हरचा प्रश्न आल्यावर मी शून्यच टाकणार होते, कारण या वेळी खरंच काही नव्हतं. बाबा म्हणाले, "थांब, आधी ५ए बघ." बघितलं. रिकामं होतं. मग शून्य टाकलं.

तुमच्या ओळखीत कोणी अमेरिकेत कॉलेजच्या तयारीत असेल, तर त्यांना ५ए आणि ५बी या ओळी तेवढ्या नक्की दाखवा.